फुकटच्या व्हिडिओचे पैसे कोण भरतो? यूट्यूबवरील छुपी जाहिरात आणि आपला समाज

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. केशोरी, गोठणगाव, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि पलीकडे वडसा, कुरखेडा या सगळ्या पट्ट्यात गाडीवर भोंगा बांधून रात्रीच्या नाटकाचा प्रचार होतो. भोंगा कानावर पडला की लहान पोरालाही कळते, ही जाहिरात आहे. नाटक चांगले आहे असे भोंगेवाला म्हणणारच, कारण त्याचे त्याला पैसे मिळतात. हे माहीत असूनच आपण तिकीट काढायचे की नाही ते ठरवतो.

यूट्यूबवर मात्र हा भोंगा दिसत नाही. एक ओळखीचा चेहरा आपल्याच बोलीत सांगतो की, हे औषध मी घरी वापरले, हे ॲप मी स्वतः चालवतो, या क्लासमधून माझा भाऊ लागला. सांगणारा आपला हितचिंतक आहे की पैसे घेऊन बोलतो आहे, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. जाहिरात करणे हा गुन्हा नाही. पण पैसे घेऊन केलेली शिफारस स्वतःचा अनुभव म्हणून खपवणे ही फसवणूक आहे, आणि भारतातला कायदाही आता तसेच मानतो. हा कायदा आपल्या वस्त्यांपर्यंत अजून पोहोचलेला नाही. म्हणून व्हिडिओमागचा पैसा कसा फिरतो, कायदा काय सांगतो, तक्रार कुठे करायची आणि आपल्या स्वतःच्या चॅनेलनी काय पाळायचे, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

व्हिडिओमागचा पैसा

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरला विकत घेतले. पाहणाऱ्याकडून पैसे न घेता चालणारी गोष्ट एवढ्या किमतीला का विकली गेली? कारण तिथे आपले लक्ष विकले जाते. आपण काय पाहतो, किती वेळ पाहतो, कुठे थांबतो, यावरून कोणती जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरते आणि जाहिरातदार त्याचे पैसे मोजतो.

व्हिडिओ करणाऱ्याकडे हा पैसा साधारण चार वाटांनी येतो.

पहिली वाट यूट्यूबच्या स्वतःच्या जाहिरातींची. व्हिडिओच्या आधी किंवा मध्ये जी जाहिरात येते, तिच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो. शॉर्ट्ससाठी हिशेब वेगळा आहे आणि तिथे वाटा ४५ टक्के आहे. पण हा वाटा मिळायला चॅनेलचे १,००० सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले हवेत, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज हवेत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एक माणूस सरासरी चार मिनिटे व्हिडिओ पाहतो असे धरले, तर ६०,००० वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. गावातल्या पोराला एवढे गाठायला वर्ष लागते, आणि गाठल्यावरही हाती येणारी रक्कम बहुतेक वेळा तुटपुंजी असते.

दुसरी वाट इथूनच सुरू होते. कंपनी किंवा तिचा दलाल थेट चॅनेलवाल्याला फोन करतो आणि व्हिडिओत दोन मिनिटे आमच्या मालाबद्दल बोलायला सांगतो. याला स्पॉन्सरशिप किंवा पेड प्रमोशन म्हणतात.

तिसरी वाट लिंकची. व्हिडिओखालच्या लिंकवरून आपण काही विकत घेतले किंवा ॲप डाउनलोड केले, की चॅनेलवाल्याला कमिशन मिळते.

चौथी वाट सगळ्यात फसवी आहे. तिथे मुलाखत, बातमी, यशोगाथा, आरोग्याची माहिती असे रूप घेतलेला अख्खा व्हिडिओच जाहिरात असतो.

पहिल्या वाटेवरची जाहिरात ओळखू येते, कारण तिच्यावर तशी खूण असते. बाकीच्या तीन वाटांवर खूण करायची की नाही, हे चॅनेलवाल्याच्या प्रामाणिकपणावर सोडलेले दिसते. प्रत्यक्षात तसे नाही. तिथेही खूण करणे बंधनकारक आहे.

नुकसान कुठे होते?

केशोरी परिसरात काम करताना आम्हाला तीन ठिकाणी याचा मार जास्त बसलेला दिसतो.

पहिले ठिकाण आजारपण. विदर्भात, विशेषतः अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात, सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे आणि गोंदिया हा त्यातलाच जिल्हा आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. रक्ताच्या तपासणीत तो कळतो. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने दुखण्याचे झटके कमी करता येतात आणि हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते. चूर्ण किंवा काढा घेऊन सिकलसेल मुळापासून जातो, याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. तरीही ‘सिकलसेल कायमचा बरा’ असे सांगणारे व्हिडिओ आपल्या लोकांच्या मोबाईलवर फिरतात आणि खाली मागवायचा नंबर असतो. अशा व्हिडिओवर विसंबून मुलाच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या बंद केलेल्या घरांत आम्ही गेलो आहोत. पैसे गेले त्याचे दुःख मागे पडते, पोराला पुन्हा झटका आला की आईबापांचा जीव टांगणीला लागतो.

दुसरे ठिकाण जुगार. धानाचे चुकारे खात्यात जमा झाले किंवा तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली की ‘घरबसल्या कमवा’ सांगणाऱ्या ॲपचे व्हिडिओ नेमके डोळ्यांसमोर येतात. त्यात जिंकलेल्या रकमेचे स्क्रीनशॉट असतात, हरलेल्यांचा एकही नसतो. हे लोण आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार केली होती. त्यावरून नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातल्या एका घरावर छापा टाकून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. व्यापाऱ्याची बातमी होते. चुकाऱ्याचे दहा-वीस हजार गमावलेल्या शेतकऱ्याची होत नाही, आणि तो लाजेपोटी घरातही सांगत नाही.

तिसरे ठिकाण नोकरीची आशा. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, रेल्वे या परीक्षांची तयारी करणारे शेकडो तरुण आपल्या भागात आहेत. त्यांना ‘शंभर टक्के निवड’ सांगणारे क्लास व्हिडिओतून गाठतात. निवड झालेला मुलगा समोर बसवलेला असतो, पण त्याने तिथे दोन वर्षांचा कोर्स केला होता की मुलाखतीची फुकट तयारी केली होती, हे कुणी सांगत नाही.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. विकणारा आपल्या ओळखीच्या माणसाला पुढे करतो. शहरातल्या नटापेक्षा आपल्या बोलीत बोलणारा, मागे निळा झेंडा किंवा बाबासाहेबांचा फोटो असणारा, ‘जय भीम’ म्हणून सुरुवात करणारा तरुण आपल्याला जवळचा वाटतो. दलालांना हे चांगले ठाऊक आहे. आपल्या समाजात जो आपसातला विश्वास तयार झाला, तो चळवळीने दोन-तीन पिढ्या खपून कमावलेला आहे. छुप्या जाहिरातीत तोच विश्वास विकला जातो, आणि विकणारा बहुतेक वेळा आपलाच बेरोजगार भाऊ असतो. म्हणून त्याला शिव्या घालून प्रश्न सुटणार नाही. त्याला कायदा माहीत हवा आणि आपल्यालाही.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. पुढे २० जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत सूचना काढल्या. त्यातले मुद्दे प्रत्येक चॅनेलवाल्याने लिहून ठेवावेत असे आहेत.

कंपनीशी कोणताही आर्थिक संबंध असेल तर तो सांगितलाच पाहिजे. रोख पैसे, फुकट वस्तू, सवलत, फुकट प्रवास किंवा राहण्याची सोय, बक्षीस, नात्यातल्या माणसाची कंपनी, हे सगळे यात येते. ‘मी पैसे घेतले नाहीत, फक्त मोबाईल भेट मिळाला’ ही पळवाट चालत नाही.

ही माहिती व्हिडिओतच द्यायची, फक्त खालच्या डिस्क्रिप्शनमध्ये नाही. ती लिहून दाखवायची आणि बोलूनही सांगायची. थेट प्रक्षेपण असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर ठेवायची. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायची नाही.

आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत ती हवी. मराठी व्हिडिओत ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे मराठीत सांगायला हवे. शेवटी कोपऱ्यात इंग्रजीत चार अक्षरे टाकून काम भागत नाही. आपल्यासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इंग्रजी न वाचणारी आई किंवा आजोबा हेच अशा व्हिडिओंचे खरे गिऱ्हाईक असतात.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण कंपनीला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तेच केले तर ही मर्यादा ५० लाखांची आहे. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिरात करण्याची बंदी येऊ शकते. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही औषधांच्या जाहिरातींच्या प्रकरणात सांगितले की, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला प्रसिद्ध व्यक्ती आणि इन्फ्लुएन्सर हेही तितकेच जबाबदार आहेत.

याखेरीज मुंबईतली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था आहे. ती सरकारी नाही. जाहिरात व्यवसायाने १९८५ मध्ये स्वतःवर नियमन म्हणून ती उभी केली. तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत जितका वेळ त्या मालाबद्दल बोलणे चालू आहे तितका वेळ जाहिरातीची खूण दिसली पाहिजे, आणि १५ सेकंदांपर्यंतच्या छोट्या व्हिडिओत ती किमान तीन सेकंद हवी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

विशिष्ट विषयांसाठी वेगळे कायदेही आहेत. काही आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व जादुई उपाय कायदा १९५४ बंदी घालतो. जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची यादी औषध नियमावलीच्या अनुसूची ‘जे’मध्ये आहे आणि तिच्यात आनुवंशिक आजार येतात. चमत्काराने आजार बरा करतो असे सांगून लोकांना फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. क्लासच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यानुसार निवडीची हमी देता येत नाही, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती आणि त्याने कोणता कोर्स केला ही माहिती लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एखाद्या ॲपच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी पाच हजार रुपये घेणाऱ्या तरुणाने हा आकडा नीट वाचावा.

ओळखायचे कसे, तक्रार कुठे करायची?

पैसे घेऊन केलेला व्हिडिओ टाकताना चॅनेलवाल्याने यूट्यूबवर तशी खूण करायची असते. ती केली असेल तर व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद पेड प्रमोशनची पट्टी दिसते. व्हिडिओआधी येणाऱ्या जाहिरातीवर बारीक ‘आय’चे चिन्ह किंवा तीन टिंबे असतात. तिथे बोट लावले की जाहिरातदाराचे नाव पाहता येते. चॅनेल मराठी, बोलणारा मराठी आणि जाहिरातदार परदेशातली अनोळखी कंपनी असे दिसले, तर सावध व्हावे.

पट्टी नसेल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या व्हिडिओत शेवटी मला काय करायला सांगितले आहे: फोन, पैसे, डाउनलोड? ते मी केले तर सांगणाऱ्याला काय मिळणार? आणि या गोष्टीचा एक तरी तोटा त्याने सांगितला का? खरा अनुभव सांगणारा माणूस वस्तूची खोटही सांगतो.

फसवणूक झाली असेल तर आधी पुरावा जपा. व्हिडिओची लिंक, तारीख, स्क्रीन रेकॉर्डिंग, पैसे पाठवल्याची पावती आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे सांभाळून ठेवा. असे व्हिडिओ तक्रार होताच काढून टाकले जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

वस्तू किंवा सेवेबाबत दिशाभूल झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येते. त्यापुढे गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत साधारण दोन वर्षांची आहे. वकील नसला तरी चालतो. आपल्या कार्यकर्त्यांनी असा एक अर्ज भरून पाहिला तर पुढच्या दहा जणांना ते मदत करू शकतील.

आपले चॅनेल कसे असावेत?

आता थोडे आपल्याकडे पाहू. आज भीमगीते, धम्म परिषदांचे प्रक्षेपण, अत्याचाराच्या बातम्या, विचारवंतांची भाषणे हे सारे यूट्यूबवर आहे, आणि मोठ्या वाहिन्या जे दाखवत नाहीत ते आपले छोटे चॅनेल दाखवतात. या चॅनेलना पैसा लागतो. कॅमेरा, प्रवास, इंटरनेट यांचा खर्च कुठून तरी निघाला पाहिजे. म्हणून ‘जाहिरात घेऊ नका’ असे आम्ही म्हणणार नाही.

जाहिरातीचे दार बंद असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाने अनुभवले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्या वेळी ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला होता. आपली हाक लोकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन दुसऱ्याच्या हातात होते. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे आर्थिक ओढाताण सोसत चालली. आज केशोरीची मिरची पिकवणारा शेतकरी स्वतःच्या वावरात उभा राहून, स्वतःच्या मालाचा व्हिडिओ करून थेट नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकाला दाखवू शकतो. ही जाहिरातच आहे, पण उघड आहे. माल त्याचा, नाव त्याचे, जबाबदारीही त्याची. अशा जाहिरातीचे स्वागतच करायला हवे.

पण बाबासाहेबांनी दुसरी बाजूही पाहिली होती. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या भाषणात त्यांनी वृत्तपत्रांवर कठोर टीका केली. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो धंदा झाला आहे आणि साबण तयार करण्याच्या धंद्याहून अधिक नैतिक जबाबदारी तो मानत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या मोठ्या वृत्तपत्रांतली पेड न्यूज उघडी केली, तेव्हा ही टीका किती खरी होती हे दिसले. एकच मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आला होता. तोच प्रकार आता व्हिडिओत आला आहे. नेत्याच्या पैशाने केलेली मुलाखत ‘विशेष बातमी’ म्हणून जाते, क्लासच्या मालकाची जाहिरात ‘समाजातले प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व’ म्हणून जाते. ज्यांनी आपल्याला जागा नाकारली त्यांचेच दुर्गुण आपण उचलायचे काय?

आपल्या चॅनेल चालवणाऱ्या मित्रांना आमच्या चार सूचना आहेत. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर व्हिडिओच्या सुरुवातीलाच मराठीत सांगा आणि यूट्यूबवरची खूणही करा. आजार बरा करणारे औषध, पैसे लावायचे ॲप, नोकरीची हमी, दामदुप्पट योजना यांचे पैसे कितीही मिळोत, घेऊ नका. बातमी आणि जाहिरात एकाच व्हिडिओत मिसळू नका. आणि वर्षातून एकदा चॅनेलचा जमाखर्च प्रेक्षकांपुढे ठेवा. जयंती समितीचा हिशेब आपण विहारात वाचून दाखवतोच, चॅनेलचा दाखवायला काय हरकत आहे?

प्रेक्षकांचेही एक कर्तव्य आहे. प्रामाणिक चॅनेल जाहिरातीविना चालावेत असे वाटत असेल तर त्यांना महिन्याला पन्नास-शंभर रुपये देणारे लोक उभे राहिले पाहिजेत. आपण पैसे दिले नाहीत तर दुसरा कोणी तरी देईल, आणि मग व्हिडिओत काय बोलायचे तेही तोच ठरवेल.

गावोगावच्या युवक मंडळांनी येत्या महिन्यात एका रविवारी विहारात तासभर यासाठी द्यावा, अशी आमची विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या मोबाईलवरचा, विकत घ्यायला सांगणारा एक व्हिडिओ आणावा. सगळ्यांनी मिळून तो पाहावा, जाहिरातीची खूण कुठे आहे ते शोधावे आणि खूण नसेल तर तिथेच तक्रार नोंदवावी. आयाबहिणींना आवर्जून बोलवा, कारण औषधाचे पैसे बहुतेक घरांत त्याच जमवतात. १९१५ आणि १९३० हे दोन क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. सिकलसेलच्या रुग्णांच्या घरी जाऊन, व्हिडिओ पाहून कुणी दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या आहेत का, एवढे विचारा. त्या पुन्हा सुरू करून देणे हे या सगळ्यातले सगळ्यात तातडीचे काम आहे.

जय भीम!